खुर्चीवरची सुपारी

दिवाळी उलटली की पनवेलच्या हवेत तूस उडायला लागतं. तळोज्याकडून, रोडपालीकडून भाताच्या गाड्या येतात, गिरण्यांपुढं रांगेनं सुटतात, आणि मग महिना-दीड महिना तो बारीक, पिवळसर भुसा घरादारावर बसत राहतो. उंबऱ्यावर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, झाकायच्या राहिलेल्या ताकाच्या भांड्यात. बाहेरगावचा माणूस शिंकून हैराण होतो. आम्ही पनवेलकर शिंकत नाही. बोलताना मध्येच थांबून ओठांवरचं तूस बोटानं काढतो आणि पुढं बोलू लागतो. माझे वडील, दादा, एका गिरणीत मुकादम होते. ते घरी आले की आधी अंगणात उभे राहून पंचा झटकायचे. त्या झटकण्याच्या आवाजावरून मला कळायचं, आज गाड्या किती आल्या.

हा हंगाम आला की लोकांना नव्या तांदळाचा भात आठवतो. मला एक फोटो आठवतो, आणि तो आठवला की सोळा वर्षांनंतरही माझा उजवा हात चटका बसल्यासारखा मागं येतो.

यंदा निमित्त झालं सुमनचं. सुमन माझ्या शेजारची मुलगी. मी प्राथमिक शाळेत शिकवते, तिथं माझ्याच हाताखाली तिनं पाटी गिरवली. परवा तिचा साखरपुडा झाला आणि काल ती म्हणाली, "बाई, तुम्ही चला ना बरोबर. आमचा दोघांचा फोटो काढायचाय. आई म्हणते, कुणीतरी मोठं माणूस हवं." मी गेले. बाजारातला तोच स्टुडिओ, तोच लाकडी जिना. आता तिथं विजेचे मोठे दिवे आलेत, आणि म्हाताऱ्या नानांच्या जागी त्यांचा पुतण्या आहे. पडदा मात्र तोच. राजवाड्याच्या पायऱ्या, तळं आणि तळ्यात एक हंस. नाना मूळचे पेंटर. हा हंस त्यांनी स्वतः रंगवलेला, आणि हंस कधीच न पाहिल्यामुळं तो जरासा बदकावर गेलेला.

सुमन आणि तिचा होणारा नवरा शेजारी शेजारी बसले. दोघांच्या मध्ये एक पाट मावेल एवढी जागा. मुलाच्या कपाळावर घाम. सुमननं तर ओठ असे मिटले होते, जणू कुणीतरी दात मोजायला आलंय. पुतण्या कॅमेऱ्यामागून म्हणाला, "ताई, सहज बसा. अगदी सहज. शेजारी नवरा बसलाय असं समजा."

मी भिंतीशी बाकावर बसले होते, ती एकदम उठून उभी राहिले. पुतण्यानं वळून विचारलं, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "काही नाही. तूस गेलं डोळ्यात."

शेजारी नवरा बसलाय असं समजा, हे वाक्य त्याच्या काकांचं होतं. शब्द न् शब्द.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आई लहानपणीच गेली होती. घरात दादा, मी आणि दादांची विधवा बहीण, बनूआत्या. आत्यानं मला वाढवलं. ती खेड्यातली, तिचं बोलणं शेवटपर्यंत खेड्यातलंच राहिलं, आणि तिच्या कमरेला कायम पानाची चंची. रागावली की चंची उघडायची, खूश झाली की उघडायची, आणि कुणी गेल्याची बातमी आली तरी आधी चंचीच उघडायची.

माझं लग्न ठरलं आपटा गावच्या मुलाशी. मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला. वडील नाहीत, घरी एकटी आई. तो पावसाळ्यात मला बघायला आला तेव्हा मी चहा ठेवून आले, आणि मला दिसला तो त्याचा उजवा कान. कान आणि नुकतेच केस कापलेली मान. मान वर करून बघायची तेव्हा सोय नव्हती. आठवड्यात त्याला जहाजावर बोलावणं आलं आणि तो गेला. दिवाळीनंतर साखरपुडा त्याच्याशिवायच झाला. त्याच्या आईनं माझी ओटी भरली, साखर दिली, आणि जाताना दादांना म्हणाल्या, "दोगांचा एक फोटू असता तर बरं झालं असतं. गावात बाया इचारतात, नवरा नाय आन साखरपुडा कसला? आन त्याला बी धाडला असता जहाजावर."

दोघांचा फोटो, आणि दोघांतला एक समुद्रात! पण नानांना हे काही नवीन नव्हतं. जहाजावरची, मुंबईच्या गिरण्यांतली, पलटणीतली मुलं पंचक्रोशीत किती तरी होती. नाना दोघांचे दोन फोटो घेत, पात्यानं कापून एकमेकांशेजारी चिकटवत, त्या जोडकामाचा पुन्हा फोटो काढत आणि सांधा पेन्सिलीनं असा बुजवत की पाहणाऱ्याला वाटावं, दोघं शेजारी बसून गप्पा मारताहेत. मुलाच्या आईकडं, आपट्याच्या बाईंकडं, त्याचा एक फोटो होता, जहाजाच्या कागदांसाठी मुंबईत काढलेला. खुर्चीवर ताठ, दोन्ही हात मांड्यांवर, नजर समोर. तो त्यांनी परस्पर नानांकडं दिला. राहिले मी.

आत्या आणि मी सकाळी दहाला स्टुडिओत गेलो. तेव्हा दिवे नव्हते. कौलांत बसवलेल्या काचांतून ऊन खाली यायचं आणि त्या उन्हात तूस तरंगत असायचं. नाना वैतागलेले. "या हंगामात फोटो काढू नये माणसानं," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या तोंडावर देवी आल्यासारखे ठिपके. पुसता पुसता डोळे जातात माझे." मला त्यांनी पडद्यासमोर बसवलं. उजव्या हाताला दुसरी खुर्ची ठेवली. रिकामी. लाकडी, बसून बसून गुळगुळीत झालेली.

"आता सहज बसा, ताई. शेजारी नवरा बसलाय असं समजा."

आत्या फणकारली. "नवरा शेजारी बसलाय असं समजल्यावर सहज कोन बसंल वो?"

पण तिचा खरा राग त्या खुर्चीवर होता. हळद लागायची राहिलेली पोर रिकाम्या आसनाशेजारी बसवायची नाही, असं तिचं म्हणणं. नानांनी पहिला फोटो घेतला. नाना म्हणाले, "हललात. हा फुकट गेला. आता माझ्याकडं फोटोची एकच काच आहे, पुढच्या काचा मुंबईहून यायच्यात." आत्यानं त्यांना थांबवलं. चंची उघडली, एक सुपारी काढली, पदरानं पुसली आणि त्या रिकाम्या खुर्चीवर मधोमध ठेवली. "आता बसली ती नवऱ्याशेजारी," ती म्हणाली आणि समाधानानं मागं सरली.

आमच्याकडं ज्याची बायको वारली तो पूजेला बसताना कमरेला सुपारी खोचतो. नसलेल्या माणसाच्या जागी सुपारी, हे आत्याच्या अंगवळणी पडलेलं. ती सुपारी कुणाच्या जागी ठेवतात, गेलेल्याच्या की नुसत्या गावाला गेलेल्याच्या, एवढा विचार तिनं त्या घाईत केला नाही.

नाना काळ्या कापडाखाली शिरले. मी समोर बघत होते. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, नवरा चालला! खुर्ची पुढं कलती असावी. सुपारी हळूहळू, अगदी खानदानी चालीनं, खुर्चीच्या काठाकडं निघाली होती. मला हसू फुटलं. आवरेना. मी वळले, हात लांब केला आणि ती काठावरून पडणार एवढ्यात तळव्याखाली धरली. त्याच वेळी नानांनी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला.

कापडातून बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "वा."

पाच-सहा दिवसांनी दादा गिरणीतून भलत्या वेळी घरी आले. पंचा झटकला नाही. तसेच आत आले आणि एक पाकीट माझ्यासमोर टाकलं. "हे काय आहे?"

मी फोटो बाहेर काढला.

आधी मला तो दिसला. कान सोडून बाकीचा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. रुंद कपाळ, जरा झोपाळू डोळे. मग त्याच्या शेजारी मी दिसले. मी त्याच्याकडं वळून, मान तिरकी करून, दात दाखवून हसत होते. आणि माझा उजवा हात त्याच्या मांडीवर होता. गुडघ्याच्या चार बोटं वर. नानांनी माझ्या एकेका बोटाभोवतीनं पातं फिरवून कापलं होतं आणि त्याची मांडी अलगद खाली सरकवली होती. सांधा दिसत नव्हता. आपल्या हातून कधी न घडलेली गोष्ट आपला हात करताना बघणं कसं असतं, हे मला सांगता येत नाही. मी फोटो खाली टाकला आणि हात परकरात लपवला, जणू तो अजून तिथंच होता.

आत्यानं फोटो उचलला आणि उन्हाकडं धरला. चंची तिनं उघडली नाही. तिच्या हयातीत मी पाहिलेली ती पहिलीच वेळ.

"ही एकच प्रत नाही," दादा म्हणाले. "एक आपट्याला गेली. आणि एक नानांनी दुकानाखालच्या काचेच्या कपाटात लावलीय. भर बाजारात. मला गाडीवाल्यांनी सांगितलं. मुकादम, पोरगी लई हसरी हाय तुमची, म्हणाले."

पनवेलचा बाजार तेव्हा केवढा! पण भाताच्या हंगामात अवघा मुलूख त्या बाजारातून जायचा. गाडीवान बैलांना पाणी दाखवून त्या कपाटापुढं उभे राहायचे. बायका पदर तोंडाला लावून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. लग्नाआधी नवऱ्याच्या मांडीवर हात टाकून खिदळणारी मुकादमाची पोर. दादा नानांकडं तो फोटो कपाटातून काढायला सांगायला गेले तर नाना ऐकेनात. "मुकादम, वीस वर्षं मी लोकांना सहज बसा, सहज बसा म्हणतोय. एक माणूस सहज बसला नाही. ही एक बसली. आणि तुम्ही म्हणता काढा?" शेवटी दादांनी हात जोडले तेव्हा कुठं ते म्हणाले, "बघतो." बघतो म्हणजे पनवेलात नाही.

तिसऱ्या दिवशी आपट्याच्या बाई आल्या. एकट्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. ओट्यावर बसल्या, कमरेचा फोटो काढून मांडीवर ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या.

"हा माझा पोरगा. हा फोटू मी दिला, नानानं हितं चिकटावला. मला सगळं ठावं हाय. गावातल्या बाया बोलतात, त्यांना मी बघून घेईन. माझा एकच सवाल हाय." त्यांनी बोट माझ्या हातावर ठेवलं, फोटोतल्या. "माझा पोरगा नंतर चिकटावला. मंग फोटू काढला तवा ह्या खुर्चीवर कोन बसला व्हता? कोनाकडं बगून तू एवडी हासलीस?"

हा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. आम्ही लाज लाज करत बसलो होतो, आणि ही बाई थेट गाभ्यापर्यंत पोचली होती. कुणी नव्हतं म्हणावं, तर रिकाम्या खुर्चीला हात लावून असं कोण हसतं? सुपारी होती म्हणावं, तर समुद्रावर असलेल्या एकुलत्या एक मुलाच्या जागी, एका विधवेच्या चंचीतली सुपारी ठेवली, हे त्याच्या आईला कोणत्या तोंडानं सांगायचं? इकडं आड, तिकडं विहीर. दादांनी खाली मान घातली. लग्न मोडणार हे मला दिसत होतं. आणि मोडल्यावर त्या बाजारातून मला पुन्हा कधी मान वर करून चालता येणार नाही, हेही दिसत होतं.

"सुपारी होती," मी म्हटलं. "मी ठेवली होती."

"तू?"

"हो. खुर्ची रिकामी होती म्हणून. ती घरंगळली, मी धरली. म्हणून हसू आलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आत्याच्या कमरेकडं. "तुज्याकडं चंची कुटाय गं?" त्या म्हणाल्या.

आत्याला रडू कोसळलं. "बाई, मी ठेवली. माझ्या हातून झालं. पोरीला बोल लावू नका. तुमच्या लेकाच्या वाईटावर न्हवते वो मी."

आपट्याच्या बाईंनी फोटो पुन्हा कमरेला खोचला. त्या उठल्या. मला वाटलं, आता ओटीची साखर परत मागतात. पण त्या म्हणाल्या, "नानाच्या दुकानात चला. मला माझ्या डोळ्यांनी बगायचंय."

त्या पुढं, आम्ही तिघं मागं. बाजारातून ती वरात निघाली तेव्हा गाडीवाल्यांनी बैलांची वैरण थांबवून आमच्याकडं पाहिलं. कपाटातला फोटो अजून तिथंच होता. त्यांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ जिना चढल्या.

नानांनी मूळची काच काढून दिली, ज्यावर फक्त मी होते. बाईंनी ती दोन हातांत धरली आणि कौलातल्या उजेडाकडं उंच केली. मी त्यांच्या खांद्यामागून बघत होते. काचेवर सगळं उलटं असतं. माझे केस पांढरे, चेहरा काळा, दात काळे. अठराव्या वर्षी मला माझं म्हातारपण दिसलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. आणि माझ्या काळ्या बोटांखाली, अंगठ्यापाशी, एक पांढरा स्वच्छ गोळा.

"ह्यो पांढरा काय?"

"तीच सुपारी," नाना म्हणाले. "काळी वस्तू काचेवर पांढरी येते. छापताना मी ती बुजवली, बाई. मला वाटलं, डाग आहे."

किती वेळ त्या बघत होत्या कोण जाणे. मग काच नानांच्या हातात दिली आणि त्याच रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

"दिवाळीच्या आंगोळीला," त्या म्हणाल्या, आमच्यापैकी कुणाकडंच न बघता, "मी त्याचा पाट मांडते. पोरगा पावसाळ्यात येतो, दिवाळीला कदी नसतो. पाट मोकळा बगवत नाय. मंग मी बी सुपारीच ठेवते. तिला तेल लावते, उटनं लावते. चार दिवाळ्या झाल्या. दार लावून घेते, शेजारनीला कळाय नको. जित्या पोराला सुपारी ठेवते म्हनतील, येडी म्हनतील." त्यांनी खुर्चीच्या काठावरून हात फिरवला. "मला वाटलं व्हतं, असं करनारी मी येकलीच हाय."

दादांनी पंच्यानं तोंड पुसलं. आत्यानं डोळे पुसले, चंची उघडली आणि पान लावून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी घेतलं.

खाली उतरल्यावर दादा घाईनं म्हणाले, "नाना, तो फोटो आता काढा बुवा." आपट्याच्या बाई कपाटापुढं थांबल्या. आता कुठं त्यांनी तो नीट पाहिला.

"ऱ्हाऊ द्या तितंच," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा कितीतरी दिसांनी बाजारात दिसतोय."

लग्न होईपर्यंत तो फोटो तिथं होता, तूस बसत होतं, नाना पुसत होते. आणि बाजारातल्या बायांचं आश्चर्य असं, की नवऱ्याची आईच जेव्हा दर बुधवारी येऊन त्या फोटोपुढं उभी राहायला लागली, तेव्हा त्यांचं ढोसणं आपोआप थांबलं.

जहाजावरून त्यांचं पत्र आलं. आता 'त्यांचं' म्हणायला हवं. चार ओळी. शेवटची ओळ अशी, 'फोटो पोचला. मी तिथे असायला हवे होते.'

लग्न पावसाळ्याच्या तोंडाशी झालं. दीड महिना ते होते, मग गेले. आणि त्या वर्षीच्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, सासूबाईंनी दोन पाट मांडले. माझ्या उजव्या हाताच्या पाटावर सुपारी ठेवली. दार या वेळी लावलं नाही. तेलाची वाटी माझ्या हातात दिली. "आता तू लाव."

मी तेलात बोट बुडवलं, सुपारीला लावलं, आणि लाजले. खरंच. कानापर्यंत लाल झाले. सासूबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

तेव्हापासून सोळा वर्षं मी त्या सुपारीशेजारी बसते आहे. दिवाळीला, सत्यनारायणाला, मुलीच्या पाचवीला. अगदी सहज बसते. हसते, बोलते, घरंगळली तर धरते. लोक म्हणतात, कशी गं तू एकटी सगळं निभावतेस? त्यांना काय सांगू, माझी तयारी नानांनीच करून घेतली होती. शेजारी नवरा बसलाय असं समजा. एवढंच तर करायचं असतं.

एकदाच मात्र काळजात चर्र झालं. मुलगी दोन वर्षांची होती. पावसाळ्यात ते घरी आले. मुलीनं त्यांना पूर्वी पाहिलं होतं, पण ते तिला आठवण्याचं वय नव्हतं. ती माझ्यामागं लपली. मी म्हटलं, "अगं, बाबा आहेत." ती आत पळाली, देव्हाऱ्यातली सुपारी घेऊन आली आणि त्यांच्यापुढं मूठ उघडून मोठ्या अभिमानानं म्हणाली, "हे बाबा." ते हसले. मीही हसले. मग ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

सासूबाई गेल्या. आत्याही गेली. मुलीच्या शाळेसाठी मी पनवेलला बिऱ्हाड केलं. काल त्या स्टुडिओत बाकावर बसून मी सुमनकडं आणि त्या पोराकडं बघत होते. पुतण्या पुन्हा पुन्हा सांगत होता, सहज बसा, सहज बसा. ती दोघं अधिकच आखडत होती. तिचा पदर त्याच्या खुर्चीच्या हातावर पडला होता, आपलं कोपर पदराला लागू नये म्हणून तो बिचारा एका अंगावर कलला होता. आणि मला, चौतिशीच्या बाईला, दोन पोरांचा हेवा वाटला. अगदी पोटातून. त्यांच्या हसण्याचा नाही, त्यांना हसू येतच नव्हतं. हेवा वाटला तो त्यांच्या अवघडण्याचा. अवघडायला शेजारी माणूस लागतं. सुपारीशेजारी कुणी अवघडत नाही. माझा तो फोटो एवढा सहज का आला, हे मला सोळा वर्षांनी कळलं, आणि ते कळणंही काही सुखाचं नव्हतं.

हे सगळं कालच कळायचं कारण माझ्या पिशवीत होतं. परवा त्यांचं पत्र आलंय. याही वेळी चार ओळी. 'जहाज सोडतो आहे. संक्रांतीपर्यंत पोचेन. आता परत जाणे नाही.'

सोळा वर्षं मी या पत्राची वाट पाहिली. आलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी बसला तो धक्का. दीड-दीड महिन्याचा पाहुणा मला ठाऊक आहे. त्याला काय आवडतं, काय नाही, ते पाहुण्याचं ठाऊक असतं तेवढं. पण रोजचा माणूस? सकाळी उठून समोर, संध्याकाळी पुन्हा समोर? त्याच्याशी काय बोलतात बायका?

स्टुडिओतून घरी आले. मुलगी शाळेत होती. दारातून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात तूस तरंगत होतं. मी दोन खुर्च्या ओढून शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडच्या खुर्चीवर बसले. देव्हाऱ्यातली सुपारी आणायला उठले होते, पण आणली नाही. उजवीकडची खुर्ची रिकामीच ठेवली. हात मांडीवर घेतले. मान सरळ केली. शेजारी नवरा बसलाय असं समजायचा प्रयत्न केला.

जमेना. पाठ ताठली, उजवा हात कुठं ठेवावा सुचेना. आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच, त्या खुर्चीवर कुणी नसताना, मी पदर सारखा केला.